पॉवरटॉइजमधलं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स टूल: जावा, पायथन शिकणाऱ्यांनी घ्याच

जावा नीट इन्स्टॉल झालंय, फोल्डर डोळ्यांसमोर दिसतंय, आणि तरी टर्मिनलमध्ये 'इज नॉट रेकग्नाइज्ड अ‍ॅज अ‍ॅन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड' येतंय, अशा सगळ्यांसाठी हा रिव्ह्यू. मी लालबागला एका अभ्यासिकेत संध्याकाळी डिप्लोमा आणि बीएस्सी आयटीच्या मुलांना प्रोग्रॅमिंगमध्ये मदत करते. 'ताई, लॅपटॉप फॉरमॅट मारू का' असं दर वर्षी नवीन बॅचमधलं कोणीतरी विचारतंच, आणि बहुतेक वेळा भानगड फक्त पाथची, म्हणजे टाइप केलेली कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची त्या यादीची, असते.

पॉवरटॉइज हे मायक्रोसॉफ्टचं फुकट, ओपन सोर्स पॅकेज, विंडोज १० आणि ११ वर चालतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम वाचतात ती नाव देऊन साठवलेली सेटिंग्ज, पाथ त्यातलंच एक; ती बदलायचं त्याच नावाचं टूल त्यात २०२३ मध्ये ०.७५ व्हर्जनला आलं. यासाठी विंडोजची स्वतःची खिडकी आहेच, वर युजर (फक्त तुमच्या खात्याचे) खाली सिस्टीम (सगळ्या मशीनचे), पण दोन्ही मिळून शेवटी मशीन काय वाचतं ते तिथे कळत नाही. इथे उजव्या बाजूला अ‍ॅप्लाइड व्हेरिएबल्स म्हणून एक यादी दिसते, म्हणजे युजर, सिस्टीम आणि प्रोफाइल (व्हेरिएबल्सचा वेगळा संच, पुढे सांगते) सगळं एकत्र करून खरं लागू काय झालंय ते. मला विचाराल तर या एका यादीसाठी टूल घ्यावं.

कारण पाथमध्ये क्रमाला महत्त्व आहे. विंडोज आधी सिस्टीमचा पाथ घेतं, त्यामागे युजरचा जोडतं, आणि कमांड टाइप केली की एकेक फोल्डर वरून खाली बघत जातं, जिथे पहिल्यांदा सापडलं तिथलं चालवतं. दादरला उभं राहून ठाण्याची जी पहिली लोकल येईल तीच पकडायची, मागून फास्ट येतेय का बघायचं नाही, तसंच. आता ओरॅकलचा जावा इन्स्टॉलर सिस्टीम पाथमध्ये 'जावापाथ' नावाचं स्वतःचं फोल्डर टाकतो, आणि मुलं नवीन जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) युजर पाथमध्ये टाकतात, मग व्हर्जन विचारलं की जुनंच येतं आणि पोरं परत इन्स्टॉल करत बसतात. अ‍ॅप्लाइड यादीत पाथ बघितला की जावापाथ वर बसलेलं लगेच दिसतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये (पॉवरशेलमध्ये नाही) 'व्हेअर जावा' मारूनही खात्री करता येते, सगळ्यात वर जो पत्ता येतो तो चालणारा.

पायथनचं दुखणं वेगळं. पायथन टाइप केलं की थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं, कारण विंडोजने युजर पाथमधल्या विंडोजअ‍ॅप्स फोल्डरमध्ये त्याच नावाचा एक शॉर्टकट ठेवलेला असतो आणि आपण हाताने टाकलेला पायथनचा पत्ता त्याच्या खाली जातो. या टूलमध्ये पाथ ओळीओळीने उघडतो, मूव्ह अप करून आपला पत्ता वर नेला की झालं. (सेटिंग्जमध्ये अ‍ॅप एक्झिक्यूशन एलियास बंद करूनही हे सुटतं.)

दुसरी आवडलेली गोष्ट प्रोफाइल. मेव्हन (जावा प्रोजेक्ट बिल्ड करायचं टूल) जेडीके शोधताना जावा होम हे व्हेरिएबल आधी बघतं, त्यामुळे टर्मिनल एक व्हर्जन सांगतं आणि मेव्हन दुसरंच, आणि मुलांना वाटतं मशीन बिघडलं. कॉलेजच्या प्रोजेक्टला जावा ८ हवं, इंटर्नशिपला १७ हवं, तर दोन प्रोफाइल करायची, प्रत्येकात जावा होम वेगळं, आणि हवं ते चालू करायचं. एका वेळी एकच प्रोफाइल लागू होतं, आणि त्याच नावाचं तुमचं युजर व्हेरिएबल आधीपासून असेल तर त्याचा बॅकअप ते स्वतः ठेवतं. जावा होममध्ये जेडीकेचं मुख्य फोल्डर द्या, त्याच्या आतलं बिन फोल्डर देऊ नका, बिन फक्त पाथमध्ये.

आता कमी काय ते पण सांगते. एवढ्याशा कामासाठी अख्खं पॉवरटॉइज उतरवावं लागतं आणि ते अंगाने जड आहे, जुन्या लॅपटॉपवाल्यांनी बाकीची टूल्स सेटिंगमधून बंद करून टाकावीत. सिस्टीमचे व्हेरिएबल बदलायला अ‍ॅडमिन हक्क लागतातच, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्ये वर सांगितलेलं जावापाथ तुम्हाला हलवता येणार नाही, तिथे जावाचा पूर्ण पत्ता देऊन चालवा किंवा लॅब असिस्टंट सरांना सांगा. आणि बदल केल्यावर आधीपासून उघडं असलेलं टर्मिनल जुनंच धरून बसतं, कारण प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना व्हेरिएबल्सची स्वतःची कॉपी घेतो. हा काही टूलचा दोष नाही, विंडोजच तसं चालतं. व्हीएस कोडमधलं टर्मिनल वापरत असाल तर नुसतं टर्मिनल नाही, व्हीएस कोडच पूर्ण बंद करून उघडा.

एक कळकळीची विनंती, व्हिडिओत बघून 'सेटएक्स'ने (व्हेरिएबल कायमचं लिहिणारी विंडोजची कमांड) पूर्ण पाथ परत लिहू नका. ती १०२४ अक्षरांनंतरचं कापून टाकते, वर सिस्टीमचा पाथ युजरमध्ये कोंबते, आणि मग कापलेल्या भागातले युजर पाथचे पत्ते, पायथनसारखे, एकदम गायब होतात. ज्यांचं तसं झालंय त्यांनी दुसरं काही करायच्या आधी युजर पाथ उघडून काय उरलंय ते बघा, तुटलेली शेवटची ओळ काढा आणि हवे ते पत्ते एकेक करून परत टाका, फॉरमॅट मारायची गरज नाही.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक कापला तो फक्त वजनासाठी.