गच्चीवरच्या टाकीसाठी ईएसपी-आयडीएफ: आठ महिने वापरल्यानंतर

आमची सोसायटी पुण्यात धायरीत. उन्हाळ्यात सगळी भिस्त टँकरवर, आणि टाकी संपल्याचं कळायचं ते नळातून नुसती हवा यायला लागल्यावर. म्हणून नोव्हेंबरात तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेल्या छोट्या चिपचा) आणि आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा वॉटरप्रूफ अल्ट्रासोनिक सेन्सर आणला. दर पंधरा मिनिटांनी यंत्र जागं होतं, पातळी मोजतं, घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला एमक्यूटीटीने (यंत्रांनी छोटे निरोप धाडायची पद्धत) कळवतं आणि झोपतं. सेन्सरला पंचवीसेक सेंटीमीटरच्या आतलं दिसत नाही, त्यामुळे तो उंच पाइपात बसवावा लागला.

चिपचा प्रोग्रॅम लिहायला सुरुवात आर्डुइनो या सोप्या साधनावर केली होती. दोन संध्याकाळी पुरल्या. मग चिप बनवणाऱ्यांच्याच ईएसपी-आयडीएफ या प्रोग्रॅमिंग किटवर आलो. ते फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभं आहे आणि अपाची २.० परवान्याखाली मोफत मिळतं, वायफायचा गाभा मात्र तयार बायनरी लायब्ररीच्या रूपात येतो. पहिला आठवडा मेनुकॉन्फिग या सेटिंगच्या मेनूतले पर्याय समजून घेण्यातच गेला.

बॅटरीने बरंच शिकवलं. डीप स्लीपमध्ये चिप साधारण १० मायक्रोअँपिअर घेते, पण माझा सेल दहा-बारा दिवसांतच बसला. मल्टिमीटर लावला तर झोपेतही काही मिलिअँपिअर जात होते. चिपचा दोष नव्हता. बोर्डावरचा रेग्युलेटर, यूएसबी चिप आणि सतत पेटलेला लाल दिवा वीज खात होते. चिपचं नुसतं मॉड्यूल पर्फबोर्डवर (छिद्रांच्या साध्या पाटीवर) घेतलं; जानेवारीपासून सेल दोनदाच चार्ज केला. बॅटरीचा व्होल्टेज वाचणारी पिन एडीसी२ वर होती (एडीसी१ आणि एडीसी२ हे चिपमधले व्होल्टेज मोजणारे दोन भाग), आणि या चिपवर वायफाय चालू असताना एडीसी२ वापरता येत नाही. तारा उकलून पिन ३४ वर, म्हणजे एडीसी१ वर नेल्या.

पण मी जे मनापासून सांगेन ते रोलबॅकबद्दल, म्हणजे नवं फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) फसलं तर आपोआप जुन्यावर परतण्याबद्दल. त्यासाठी फ्लॅशमध्ये, म्हणजे चिपच्या कायमच्या मेमरीत, फर्मवेअरच्या दोन जागा ठेवायच्या. नवं फर्मवेअर रिकाम्या जागेत उतरतं, जुनं तसंच राहतं. नवं ‘मी ठीक आहे’ असं नोंदवेपर्यंत बूटलोडर (चिप सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) त्याला कच्चंच धरतो, आणि त्याआधी रीस्टार्ट झाला तर जुन्यावर परततो. माझ्या कोडमध्ये ही नोंद एमक्यूटीटी निरोप पोचल्यावरच होते, तीन प्रयत्न फसले तर रीस्टार्ट. जुलैत, धो धो पावसात, मी घरातून अपडेट पाठवलं आणि त्यात राउटरचा पासवर्ड चुकला. आलेखावर एक ठिपका गळला. पुढच्या वेळी जुनं फर्मवेअर पुन्हा बोलू लागलं. ओल्या लोखंडी शिडीवर चढावं लागलं नाही.

टेबलावरच्या प्रयोगाला आर्डुइनो पुरे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप वापरायच्या असतील तर लिनक्स फाउंडेशनची झेफिर ही ऑपरेटिंग सिस्टिम बघा, फक्त डिव्हाइसट्री (हार्डवेअरचं वर्णन लिहायची तिची पद्धत) समजायला वेळ द्या. गच्चीवर नेऊन विसरायचं यंत्र असेल तर मी आयडीएफच घेईन.

आता तळटाकीचं यंत्र जुळवतोय. रोलबॅकचा पर्याय मुळात बंद असतो, तो चालू केलाय. पार्टिशन टेबलही (फ्लॅशच्या जागावाटपाचा तक्ता) पहिल्याच दिवशी दोन जागांचं केलंय, कारण एकदा बसवल्यावर ते दुरून बदलणं जोखमीचं, आणि तिथे पोचायचं म्हणजे पंपाच्या खोलीतलं जड झाकण दोघांनी मिळून उचलायचं.