बिनलेबलच्या डबीतलं ‘जडीबुटीचं’ मलम

खानापूर भागातल्या बायांनो, स्तनाखालच्या खाजेवर बाजारात मिळणारं बिनलेबलचं मलम घेऊ नका. माझ्या धाकट्या जावेला त्यात कसं नागवलं ते सांगते.

रोप लावणीचे दिवस. आमच्याकडे त्या पावसात कपडे वाळतच नाहीत, चुलीवर धरलेला ब्लाऊजसुद्धा दमटच अंगात जातो. तिला दोन्ही स्तनांखाली, घडीत, लालभडक होऊन खाज आणि आग सुरू झाली. घरात सगळी पुरुषमाणसं, सांगणार कुणाला? आठवडी बाजारात पाल टाकून बसलेल्या बाईने तिला आडोशाला नेलं आणि नुसतं बघून म्हणाली, “अक्का, ही आतल्या गाठीची खाज. आत्ता औषध नाही केलंस तर कॅन्सर होणार बघ.” अठराशे रुपयांच्या डब्या गळ्यात मारल्या. डबीवर ना नाव, ना तारीख, ना कुठे केलं त्याचा पत्ता. नुसतं हिरवं झाकण.

लावल्या लावल्या खाज बसली. खरी फसवणूक तिथेच आहे! थांबवलं की दुप्पट उसळायची, मग पुन्हा डबी, पुन्हा पैसे. शेवटी कातडी पातळ होऊन जांभळट चरे पडले, तेव्हा मी तिला बेळगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. त्वचेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, मूळ दुखणं घामाओलाव्याने झालेली बुरशी. मलमात कडक स्टिरॉइड असणार. ते लाली आणि खाज दाबतं, पण बुरशी वाढतच राहते. त्यांनी साखरही तपासली, कारण मधुमेहात ही बुरशी जास्त होते. बुरशीवरचं साधं मलम, घडी कोरडी ठेवणं आणि सुती कपडे, एवढ्यावर आग थांबली. चरे मात्र पुरते जाणार नाहीत.

कॅन्सरची भीती घालून पैसे उकळले, याचा मला सगळ्यांत जास्त संताप आहे. पाळीआधी दोन्ही स्तन जड होऊन दुखतात आणि पाळी आली की उतरतात, ते घाबरण्यासारखं नसतं. पण एकाच बोंडीवर खाज, खपल्या, स्राव येऊन बरं होत नसेल, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल, गाठ लागत असेल, तर लगेच डॉक्टरकडे जा. बोंडीचा पेजेट नावाचा कॅन्सर इसबासारखाच दिसतो, तुकडा काढून तपासल्यावरच कळतो. असल्या मलमाने तो महिनोन्‌महिने झाकला जाईल. अंगावर पाजणाऱ्या बाईला ताप येऊन स्तन लाल झाला, तरी डॉक्टरकडे जायला उशीर करू नका.

कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. उरलेली डबी आम्ही टाकलेली नाही, औषध निरीक्षकांकडे देणार आहोत. तुमच्याकडेही असली डबी असेल तर जपून ठेवा.