कीबोर्डचा स्टँड: मंडपासाठी कोणता, घरच्या स्टुडिओसाठी कोणता

स्टँड घ्यायला गेलेला वादक दुकानदाराला बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारतो: किंमत किती आणि वजन किती पेलतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खोक्यावर छापलेले असते, परंतु त्यावरून निर्णय घेता येत नाही, कारण आपल्याकडे भजन मंडळांत, भीमगीतांच्या कार्यक्रमांत आणि ऑर्केस्ट्रा पार्ट्यांत वाजवले जाणारे बरेचसे कीबोर्ड मुळातच हलके असतात. यामाहाचा पीएसआर-ई३७३ हा ४.६ किलोचा आहे आणि रोलँडचा एक्सपीएस-१० चार किलोच्या आसपास भरतो. पीएसआर-एसएक्स९०० किंवा ८८ पट्ट्यांचा पी-४५ घेतला तरी वजन ११.५ किलो होते, आणि रोलँडचा एफपी-३०एक्स १४.८ किलोचा आहे. एवढे वजन कोणताही बरा स्टँड पेलतो. स्टँड मोडल्याची तक्रार क्वचितच ऐकू येते. तो डुलतो, एका अंगाला कलतो, रात्रभरात हळूहळू खाली बसतो, अशाच तक्रारी असतात. म्हणून विचारण्याचा खरा प्रश्न असा आहे, की आपण ज्या उंचीवर वाजवतो त्या उंचीवर या स्टँडचे पाय आणि आधाराच्या दांड्या एकमेकींपासून किती लांब राहतात.

हा प्रश्न सर्वांत जास्त लागू होतो तो एक्स आकाराच्या, म्हणजे कैचीसारख्या घडीच्या स्टँडला, आणि गावोगावी दिसतोही तोच. हजार-दीड हजारात एकेरी पाइपचा मिळतो, त्याहून थोडे अधिक मोजले की दुहेरी पाइपचा येतो, घडी केला की मोटारसायकलवर मागे बांधता येतो आणि मंडपात पोहोचल्यावर मिनिटभरात उभा राहतो. मात्र त्याच्या रचनेतच एक अडचण आहे. कैचीचा स्टँड जितका उंच करावा तितका तो अरुंद होतो. पायाची लांबी १०० सेंमी धरली, तर आधाराची उंची ६० सेंमी असताना दोन टोकांमधले अंतर ८० सेंमी राहते. उंची ८० केली की अंतर ६० वर येते, आणि ९० केली की जेमतेम ४४ उरते. शाळेतला काटकोन त्रिकोणाचा हिशेब इथे जसाच्या तसा लागू पडतो.

आता पीएसआर-ई३७३ हा साडेचौऱ्याण्णव सेंमी लांबीचा कीबोर्ड उभे राहून वाजवण्यासाठी ९० सेंमी उंचीवर ठेवला, तर दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस सेंमी भाग अधांतरी राहतो. या स्थितीत एका टोकावर साधारण चार किलोचा भार आला, की दुसरे टोक आधारावरून उचलले जाऊ लागते. गायकाला खूण करताना वादकाने कडेवर हात टेकवला किंवा मंचावर चढणाऱ्या एखाद्या पोराने टोक धरले, तर तेवढा भार सहज पडतो. तोच कीबोर्ड ८० सेंमीवर घेतला तर उचलण्यासाठी आठ किलो लागतात. दहा सेंमी उंची कमी केल्याने स्थैर्य दुप्पट होते, आणि यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही. यातून आणखी एक गोष्ट निघते, जी प्रथमदर्शनी उलटी वाटते: कीबोर्ड जितका हलका तितका तो अशा स्टँडवरून लवकर उलटतो, कारण त्याला धरून ठेवायला त्याचे स्वतःचे वजनच कमी असते. हलका कीबोर्ड आहे म्हणून हलका स्टँड चालेल, हे दुकानात नेहमी ऐकू येणारे वाक्य म्हणूनच मानू नये. वरच्या दांड्यांना कीबोर्ड वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधला, तर स्टँडचे वजनही कीबोर्डाच्या मदतीला येते. या पट्ट्या काही स्टँडसोबतच मिळतात, नसतील तर वेगळ्या घ्याव्यात.

एकेरी आणि दुहेरी पाइपमधला फरक रुंदीचा नसून पिळाचा आहे. एकेरी पाइपच्या स्टँडवर जोरात कॉर्ड मारले की चौकट तिरपी पिळवटते आणि पट्ट्यांखाली एक सूक्ष्म हेलकावा जाणवतो. दुहेरी पाइप तो बऱ्याच अंशी थांबवतो, उंची-रुंदीचे गणित मात्र त्यालाही चुकत नाही. त्याहून अधिक लक्ष द्यावे ते मधल्या सांध्याकडे. काही स्टँडमध्ये छिद्रांत खिळा सरकवून उंची पक्की करतात, तर काहींत दोन दातेरी चकत्या एकमेकींत बसतात. चकत्यांचे दात ओतीव आणि बोथट असतील, तर काही महिन्यांच्या वापरानंतर ते घासून एकेक घर सुटू लागते आणि वाजवता वाजवता कीबोर्ड खाली उतरतो. दुकानात स्टँड आपल्या उंचीवर लावून घ्यावा, वरच्या दोन्ही दांड्या धरून त्यावर अंगाचा भार टाकावा आणि कान सांध्याजवळ न्यावा. कुरकुर आली तर एकवेळ वॉशर बदलून भागेल, पण ‘कट्ट’ असा आवाज येऊन दांड्या किंचित दबल्या, तर तो स्टँड तिथेच ठेवून यावा. शिवाय जो स्टँड आपल्या उंचीला पोहोचताना शेवटच्या घरात जातो तो घेऊच नये. आपली उंची मधल्या घरांत येईल असा लांब पायांचा स्टँड शोधावा.

बसून वाजवणाऱ्यासाठी मात्र एक्स स्टँड गैरसोयीचाच आहे. खुर्चीवर बसले की गुडघे नेमके फुलीच्या पाइपांवर आपटतात आणि सूर लांबवणारे सस्टेन पेडल ठेवायला सरळ जागा मिळत नाही. तासाभराच्या कार्यक्रमात हे निभून जाते, पण घरी चार तास रेकॉर्डिंग करताना पाठ आणि गुडघे दोन्ही बोलू लागतात.

झेड आकाराचा स्टँड या दोन्ही दोषांना बऱ्यापैकी उत्तर देतो. त्यात दोन बाजूंच्या चौकटी आडव्या पाइपांनी जोडलेल्या असतात. त्यामुळे उंची कितीही ठेवली तरी रुंदी तेवढीच राहते, अनेक स्टँडमध्ये ती कीबोर्डाच्या लांबीप्रमाणे कमी-जास्तही करता येते, आणि मधली जागा मोकळी असल्याने गुडघे आणि पेडल दोन्ही सुखाने राहतात. ८८ पट्ट्यांचा, १३२.६ सेंमी लांबीचा पी-४५ अशा स्टँडवर जसा निश्चल राहतो तसा कैचीवर कधीच राहत नाही. त्याची किंमत दुहेरी एक्सच्या सुमारे दुप्पट-तिप्पट पडते, आणि वजनही बरेच असते. खरी अडचण नेण्या-आणण्याची आहे. बहुतेक झेड स्टँड नट-बोल्ट काढून सुटे करावे लागतात, आणि रोज रात्री वेगळ्या गावी कार्यक्रम असेल तर हे काम कोणीही दोन आठवड्यांपेक्षा जास्त मनापासून करत नाही. मग नट अर्धवट आवळले जातात, एखादा बोल्ट गाडीतच राहतो, आणि चांगला स्टँड वाईट स्टँडसारखा डुलू लागतो.

टेबलासारखा चार पायांचा घडीचा स्टँड हा या दोहोंच्या मधला पर्याय आहे. पाय आत दुमडतात, चौकट सपाट राहते, वरती दुसरा मजला जोडण्याची सोय पुष्कळदा असते. जर्मनीतल्या कोनिग अँड मायरचा ओमेगा हा या प्रकारातला नावाजलेला स्टँड आहे, पण आपल्याकडे तो पाच आकडी किमतीला पडतो. घडी केल्यावरही त्याची लांबी जवळपास तेवढीच राहत असल्यामुळे एसटीत किंवा मोटारसायकलवर तो नेता येत नाही. बोलेरो किंवा छोटा हत्ती हाताशी असेल तरच त्याचा विचार करावा. याच कंपनीचा स्पायडर प्रो आणि अल्टिमेट सपोर्टचा एपेक्स हे खांबाच्या प्रकारचे आहेत. त्यांत मधोमध एकच खांब, त्यातून बाहेर येणारे हात, आणि घडी केल्यावर सगळे त्याच खांबाच्या पोटात. उभे राहून दोन कीबोर्ड वाजवणाऱ्या शहरी वादकाला ते फार सोयीचे असतात. पण एखादा भाग तुटला तर तो जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळणार नाही, हे लक्षात घेऊन ग्रामीण भागातल्या वादकाने त्यावर पैसे घालू नयेत, असे माझे मत आहे.

स्टँड कशावर उभा राहणार, याचा विचार कंपन्यांच्या माहितीपत्रकात नसतो. आपल्याकडचा मंच म्हणजे बिछायत केंद्रवाल्याने लावलेले तखत, त्यावर सतरंजी, आणि दोन तखतांच्या मध्ये बोटभर फट. सतरंजीखाली ती दिसत नाही आणि स्टँडचे एक टोक नेमके तिच्यावर येते. मंच उभारला जात असताना सतरंजी टाकण्यापूर्वीच आपली जागा ठरवून घ्यावी, आणि स्टँड पूर्णपणे एकाच तखतावर येईल असे पाहावे. ढोलकीवाला शक्यतो दुसऱ्या तखतावर बसलेला बरा. चार टेकू असलेली कोणतीही वस्तू उंचसखल जागी लटपटते, त्यामुळे ज्याच्या एका तरी पायाच्या टोकाला फिरवून कमी-जास्त करता येणारे बूच आहे, असा स्टँड निवडावा. अनेक एक्स स्टँडना ते असते, पण मुद्दाम पाहावे लागते. काळ्या मातीच्या अंगणात कार्यक्रम असेल तर पायाखाली फळी घालणे अपरिहार्य आहे, कारण ओल असेल तर पाय रुततात आणि उन्हाळ्यात भेगांमध्ये अडकतात. पायांची रबरी बुचे चंद्रपूर-नागपूरकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, गाडीच्या टपावर, दोन-तीन हंगामांत कडक होऊन फुटतात. सुटी बुचे हार्डवेअरच्या दुकानात खुर्चीच्या पायांसाठी म्हणून मिळतात, पाइपचा व्यास मोजून न्यावा.

पूर्व विदर्भात वडसा-देसाईगंजच्या बाजूला झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवणाऱ्यांची गरज आणखी वेगळी आहे. दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून, पुढे हंगामभर रात्र-रात्र चालणाऱ्या प्रयोगांत एकाच बैठकीत तासन् तास वाजवायचे असते, आणि मुक्काम रोज बदलतो. इथे बसण्याची उंची हाच निर्णायक मुद्दा आहे. जमिनीवर मांडी घालून वाजवायचे असेल, जसे भजनांत खंजिरी-पेटीच्या जोडीला कीबोर्ड घेणारे अनेक जण वाजवतात, तर बाजारातला जवळपास कोणताही स्टँड तेवढा खाली येत नाही. त्यावर सुताराकडून वीस-पंचवीस सेंमी उंचीचा, कीबोर्डाच्या मापाचा लांबट चौरंग करून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. पाय बिजागरीने दुमडणारे केले तर तो कीबोर्डाच्या बॅगेसोबतच जातो. मिरवणुकीतल्या धुमाल पार्टीत चालत्या गाडीवर वाजवणाऱ्यांनी तर विकतच्या स्टँडचा विचारच सोडावा. तिथे गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली चौकट लागते.

वेल्डिंगवाल्याकडून स्टँड बनवून घेण्याचा पर्याय कमी लेखण्यासारखा नाही, विशेषतः घरच्या स्टुडिओसाठी. २५ मिमीचा, १.६ मिमी जाडीचा चौकोनी लोखंडी पाइप मीटरला सुमारे १.२ किलो भरतो. ८८ पट्ट्यांच्या कीबोर्डासाठी चार पाय, वरची चौकट, बाजूचे आडवे आधार आणि मागे एक तिरपी दांडी धरून सात-आठ मीटर पाइप लागतो, म्हणजे स्टँड नऊ किलोच्या आसपास होतो. तो सुटा होत नाही, पण त्याला हलवतो कोण? मागची तिरपी दांडी अजिबात वगळू देऊ नये. ती नसेल तर चौकट कितीही जाड पाइपची असली तरी डावी-उजवीकडे झुलते, आणि वेल्डर हमखास म्हणतो की तिची गरज नाही. रंग देण्याआधी पाइपची तोंडे बंद करून घ्यावीत, नाहीतर पावसाळ्यात आतून गंज धरतो. वरच्या दांड्यांवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा रबर चिकटवला की कीबोर्ड सरकत नाही. उंची ठरवताना बाजारातला आकडा न घेता नेहमीच्या खुर्चीवर बसावे, कोपर काटकोनात ठेवून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावे, आणि त्यातून कीबोर्डाच्या पट्ट्यांची उंची वजा करावी. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर ६० सेंमीच्या आसपास येते.

घरच्या स्टुडिओत स्थैर्याइतकाच आवाजाचा प्रश्न असतो. पट्टी दाबल्याचा धप्प असा आवाज स्टँडमधून जमिनीत आणि जमिनीतून माइकच्या स्टँडमध्ये जातो. म्हणून गाणे आणि कीबोर्ड एकाच वेळी रेकॉर्ड करायचे असेल, तर कीबोर्डाच्या पायांखाली रबराची जाड चटई घालावी आणि माइकचा स्टँड वेगळ्या चटईवर ठेवावा. स्पीकर कीबोर्डाच्या दुसऱ्या मजल्यावर ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने खालच्या सुरांवर सगळी चौकट घुमू लागते. वरच्या मजल्यावर लॅपटॉप आणि त्याला माइक-कीबोर्ड जोडणारा इंटरफेस एवढेच ठेवावे, आणि तेही फक्त झेड किंवा चार पायांच्या स्टँडवर. एक्स स्टँडला वरून जोडायचे हात मिळतात, पण त्यांनी भार वर आणि मागे जातो, आणि आधीच अरुंद झालेला पाया आणखी डळमळीत होतो.

६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेऊन उभ्याने गावोगाव वाजवणाऱ्याने बोथट नसलेल्या दातेरी चकत्यांचा, लांब पायांचा दुहेरी एक्स स्टँड घ्यावा. जो प्रामुख्याने घरीच ८८ पट्ट्यांवर काम करतो त्याने झेड घ्यावा, किंवा जवळ भरवशाचा वेल्डर असेल तर त्याच्याकडून करून घ्यावा. मला दुसरा पर्याय अधिक आवडतो. दोन्हीकडे वाजवणाऱ्याला एकच स्टँड पुरेल असे विक्रेते सांगतात, पण त्या एका स्टँडच्या पैशांत एक दुहेरी एक्स आणि घरासाठी एक लोखंडी चौकट, असे दोन्ही होते. खरेदीला जाताना मात्र आपला स्वतःचा कीबोर्ड सोबत न्यावा आणि तो स्टँडवर ठेवून सर्वांत उजवीकडच्या सप्तकात जोराने वाजवून पाहावे. दुकानदार कंटाळला तरी हरकत नाही.