बॅटमॅनची जुनी मालिका: डीव्हीडी की ब्लू-रे?

1992 साली सुरू झालेली ‘बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सीरीज’ आज घरी पुन्हा पाहायची झाल्यास, 2004-05 मधील चार डीव्हीडी संच आणि 2018 चा ब्लू-रे संच असे दोन पर्याय समोर येतात. या मालिकेची पार्श्वचित्रे पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर रंगवली जात, त्यामुळे बॅटमॅनच्या गॉथम शहरात अंधार हाच मूळ रंग असून खिडकीतला पिवळा उजेड किंवा धुक्यातली फुग्यासारखी हवाई जहाजे त्यावर उमटलेली दिसतात. साहजिकच निवडीची खरी कसोटी या काळ्या रंगावरच लागते. डीव्हीडीवर तो जागोजागी करडा पडतो, आणि सेलवरची (म्हणजे पात्रे रंगवलेल्या पारदर्शक पत्र्यांवरची) धूळ व ओरखडे मोठ्या पडद्यावर डोळ्यांत खुपतात. ब्लू-रेसाठी चित्र नव्याने स्वच्छ केलेले असल्याने ‘हार्ट ऑफ आइस’ या भागातील खलनायक मिस्टर फ्रीझच्या लाल चष्म्याची कडसुद्धा रेखीव दिसते. अर्थात इतक्या स्पष्टतेत काही भागांतील ओबडधोबड रेखाटनही लपत नाही, पण ती तक्रार मूळ चित्रांविषयी करावी. दोन्हींत चौकट जुन्या टीव्हीचीच, म्हणजे 4:3, आहे. ब्लू-रे संचात ‘मास्क ऑफ द फँटॅझम’ आणि ‘सबझीरो’ हे चित्रपटही मिळतात. डीव्हीडी संच आधीच घरात असेल आणि पडदा लहान असेल, तर नव्या खर्चाची घाई नको. नव्याने घेणाऱ्याने मात्र ब्लू-रेच घ्यावा.