थर्मल कॅमेऱ्याची २५ एमएम लेन्स, एक सीझन वापरून

सांगलीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सची कामं करतो, कुपवाड एमआयडीसी, तासगाव रोडची बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आणि हंगाम लागला की साखर कारखाने. ३२० बाय २४० पिक्सेलचा थर्मल कॅमेरा (उष्णता दाखवणारा) घेताना लेन्स कुठली असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, साहेब २५ एमएम घ्या, लांबचं पण दिसतंय जवळचं पण दिसतंय. घेतली. (एमएम म्हणजे लेन्सची फोकल लेंथ, आकडा मोठा तितकं लांबचं मोठं दिसतं, पण चौकटीत कमी मावतं.)

पहिलंच काम कोल्ड स्टोरेजचं, पफ पॅनलच्या (भिंतीचे आत फोम भरलेले पत्रे) सांध्यातनं गारवा कुठं गळतोय ते बघायचं. दोन रॅकच्या मधल्या बोळात उभा, भिंत दोन मीटरवर, आणि स्क्रीनवर दिसतोय जेमतेम दीड फुटाचा तुकडा. मालक मागनं म्हणतोय, "काय ओ, कॅमेरा हाय का दुर्बीण?" तिथं ९ एमएम असती तर चार फूट भिंत एका फोटोत आली असती.

पण कारखान्याच्या स्विचयार्डात (हाय व्होल्टेजच्या तारा-उपकरणांचं उघडं आवार, तिथं लांबूनच बघायचं) हीच लेन्स सोनं आहे. हिशोब सोपा आहे, सेन्सरच्या पिक्सेलचा साइज मायक्रॉनमध्ये (माझा १७) भागिले लेन्सचे एमएम, जो आकडा येईल तेवढ्या मिलिमीटरचा एक पिक्सेल १ मीटरवर पडतो. म्हणजे १० मीटरवर २५ ची लेन्स साधारण ७ मिमी, ९ ची १९ मिमी. आणि रीडिंग भरवशाचं पाहिजे तर वस्तूवर ३ बाय ३ पिक्सेल तरी बसले पाहिजेत, नाहीतर मागचं गार आभाळ त्यात मिसळतं आणि तापून लाल व्हायला आलेला जंपरचा (जोडतारेचा) क्लॅम्प स्क्रीनवर गरीब गाय दिसतो. दुकानदार नुसता कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकडा सांगत बसतात, हे कुणी सांगत नाही.

मित्राची ९ एमएम आणून लावून बघितली, माउंटवर बसली मस्त, पण रीडिंग दहा-बारा डिग्री खाली. फोटोच्या कॅमेऱ्यासारखं नाही हे, प्रत्येक लेन्स त्याच कॅमेऱ्याबरोबर कॅलिब्रेट करून (रीडिंग जुळवून) घ्यावी लागते. शेवटी नवीन ९ घेतली, त्यासाठी कॅमेरा तीन आठवडे कंपनीत, आणि काम मात्र हातात पडलेलं.

किंमत ऐकून घाम फुटतो कारण लेन्स काचेची नसते, जर्मेनियमची असते, साध्या काचेतनं ही उष्णता आरपार जातच नाही. भाच्यानं लेन्सला चरा पडू नये म्हणून त्याच्या फोटोच्या कॅमेऱ्याचा काचेचा यूव्ही फिल्टर पुढं धरला, स्क्रीन सपाट! त्यात २०२३ ला चीननं जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना लावला, तेव्हापासून भाव चढलेलेच.

अजून एक, कोल्ड स्टोरेजमधनं बाहेर आलात की लेन्सवर दव धरतं, शर्टानं पुसायचं नाही, कोटिंग जातं. मी कॅमेरा पिशवीत बांधूनच बाहेर काढतो आणि चहा होईपर्यंत तसाच ठेवतो.

नुसती पॅनलची, म्हणजे जवळची कामं असतील तर २५ च्या नादी लागू नका. यार्ड, लाईन असेल तर घ्या, पण जोडीला ९ पाहिजेच, आणि दोन्ही कॅमेऱ्याबरोबर एकदमच मागवा.