ऊर्जासुरक्षेचा सल्ला: सरकारी थिंक टँक की स्वतंत्र?

सरकारी निधीवर चालणाऱ्या थिंक टँकची, म्हणजे धोरणांचा अभ्यास करून सल्ला देणाऱ्या संस्थेची, जमेची बाजू म्हणजे गोपनीय माहिती. साठ्यांचे आतले आकडे, नौदलाचे अंदाज त्यांना पाहायला मिळू शकतात. पण प्रश्न बहुधा मंत्रालयच ठरवून देतं. गॅसवाहिनी कुठून न्यावी हे विचारलं जातं, ती हवीच का हे नाही.

स्वतंत्र संस्थेला जहाजांचे एआयएस संदेश (जहाज आपलं ठिकाण कळवत राहतं ते रेडिओ संदेश), उपग्रहचित्रं, सीमाशुल्काचे आकडे यांवर भागवावं लागतं. त्यातूनही बरंच हाती लागतं. २०२२ च्या गॅससंकटात ब्रसेल्सची ब्रूगेल ही संस्था युरोपच्या गॅस आयातीचे आकडे खुलेपणाने मांडत होती. हिशेब उघडा असला की चूक बाहेरचाही कुणी पकडतो. एआयएस बंद करून फिरणारे टँकर मात्र या जाळ्यातून निसटतात.

दोन्हीकडे होणारी एक गफलत: आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या निकषानुसार सदस्य देशांनी ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवायचा असतो. गरजेच्या ८० टक्के तेल आयात होत असेल, तर हा साठा ७२ दिवसांच्या एकूण वापराइतकाच भरतो. अहवालात 'दिवस' दिसले की आधी विचारावं, आयातीचे की वापराचे?

आणि 'स्वतंत्र' हा शब्दही देणगीदारांची यादी पाहूनच मान्य करावा. तेल कंपनीच्या पैशावरचा अहवाल खोटा असेलच असं नाही. बहुतेकदा गैरसोयीचा विषय मुळात हातीच घेतला जात नाही. आमची पसंती स्वतंत्र संस्थेला, पण देणग्या रकमांसह जाहीर करणाऱ्या. लष्करी तैनातीचा प्रश्न असेल तर सरकारी गटाला पर्याय नाही.