व्हर्च्यू-मोयर की पापाडाकिस-सिझरों: आधी कोणाचे कार्यक्रम पाहावेत?

आइस डान्स, म्हणजे जोडीने बर्फावर स्केटिंग करत नाचण्याचा खेळ, नव्याने पाहू लागलेला प्रेक्षक जुन्या कार्यक्रमांकडे वळला, की त्याची निवड बहुतेक वेळा दोन जोड्यांपाशी येऊन थांबते. एक कॅनडाची टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोयर यांची, दुसरी फ्रान्सची गॅब्रिएला पापाडाकिस आणि गिओम सिझरों यांची. 2010 ते 2022 या काळातील चार ऑलिंपिकपैकी तीनमध्ये आइस डान्सचे सुवर्ण या दोन जोड्यांकडे गेले. 2014मध्ये सोची येथे ते अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी जिंकले. माझे मत स्पष्ट आहे: सुरुवात व्हर्च्यू-मोयर यांच्यापासून करावी आणि डोळा थोडा तयार झाला की पापाडाकिस-सिझरों यांच्याकडे यावे.

या क्रमाचे कारण खेळाच्या स्वरूपात आहे. आइस डान्समध्ये जोडी-स्केटिंगसारख्या मोठ्या उड्या नसतात आणि जोडीदाराला डोक्यावर उंच पेलून धरणेही नसते. इथे गुण मिळतात ते ब्लेडच्या कडेवर किती खोल झुकून, किती वेगाने आणि एकमेकांच्या किती जवळ राहून स्केटिंग केले याचे. उडी चुकली तर ती कोणालाही दिसते. कडेचा उथळपणा मात्र सराव नसलेल्या डोळ्याला दिसत नाही. त्यामुळे पहिली जोडी अशी हवी की तांत्रिक बाजू कळण्याआधीच तिचा नाच पोहोचतो.

व्हर्च्यू-मोयर या कसोटीला पुरेपूर उतरतात. 2010मध्ये व्हँकुव्हर येथे घरच्या प्रेक्षकांसमोर त्यांनी संगीतकार मालरच्या पाचव्या सिंफनीवर फ्री डान्स, म्हणजे स्पर्धेची दुसरी, मोठी फेरी, सादर केला आणि उत्तर अमेरिकेला या प्रकारातील पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले. व्हर्च्यू तेव्हा 20 वर्षांची होती, मोयर 22 वर्षांचा. संगीत अतिशय संथ आहे, आणि संथ संगीतावर वेग टिकवणे हे वेगवान संगीतावर धावण्यापेक्षा फार कठीण असते, हे या कार्यक्रमात उत्तम कळते. मोयरच्या गुडघ्यांकडे लक्ष द्यावे. प्रत्येक ढकलीबरोबर ते इतके मऊपणे वाकतात की वेग नेमका कुठून आला हे सांगता येत नाही. पुढे 2012-13च्या हंगामात याच दोघांनी ‘कार्मेन’ या ऑपेराच्या संगीतावरील कार्यक्रम अत्यंत कोनदार, जवळजवळ आक्रमक ढंगात सादर केला, आणि 2018च्या, ‘मूलाँ रूज’ चित्रपटाच्या संगीतावरील कार्यक्रमात ‘रॉक्सॅन’च्या टँगोची धग थेट प्रेमगीताच्या हळवेपणापर्यंत नेली. मालरमधील कोवळे युगुल आणि टँगोमधील एकमेकांना आव्हान देणारे स्त्री-पुरुष हे तेच दोघे आहेत, यावर विश्वास बसत नाही. भूमिकांचा एवढा पल्ला मला दुसऱ्या कोणत्याही जोडीत दिसलेला नाही.

पापाडाकिस-सिझरों यांची थोरवी वेगळ्या जातीची आहे. 2014च्या जागतिक स्पर्धेत तेरावी आलेली ही जोडी पुढच्याच वर्षी शांघाय येथे मोझार्टच्या पियानो कॉन्चेर्टोवरील फ्री डान्सच्या बळावर जगज्जेती झाली. त्यांच्या कार्यक्रमांत कथा शोधू नये. ती तिथे फारशी नसते. तिथे असतो तो अखंड प्रवाह. इतर जोड्यांमध्ये एक घटक संपला, तयारी झाली आणि दुसरा सुरू झाला, असे सांधे दिसतात. या दोघांकडे लिफ्टमधून, म्हणजे जोडीदाराला थोडा वेळ उचलून धरण्याच्या घटकातून, उतरणारा पाय पुढच्या पावलाची कड आधीच पकडून बसलेला असतो. 2018च्या, बेथोवेनच्या ‘मूनलाइट सोनाटा’वरील फ्री डान्समध्ये ट्विझल, म्हणजे एका पायावर गिरक्या घेत पुढे सरकत जाण्याचा घटक, नीट पाहावा. गिरक्यांचा वेग तर जुळतोच, पण दोघांच्या डोक्यांचा कल आणि हातांच्या उंचीतील बदलही एकाच क्षणी होतो. हे काम किती अवघड आहे याची कल्पना नसेल, तर सगळे इतके सहज वाटते की लक्ष भरकटते. माझी त्यांच्याविषयीची एकमेव काळजी हीच आहे: त्यांचे कौशल्यच नवख्यापासून त्यांचे कष्ट लपवते.

दोन्ही जोड्या एकाच बर्फावर पाहायच्या असतील तर 2018ची प्योंगचांग स्पर्धा आहेच. दोघीही तेव्हा माँट्रियलमध्ये एकाच प्रशिक्षकांकडे, मारी-फ्रान्स दुब्रेय आणि पॅट्रिस लॉझों यांच्याकडे, तयारी करत होत्या, त्यामुळे ही तुलना दोन घराण्यांची उरत नाही, दोन स्वभावांची होते. शॉर्ट डान्समध्ये, म्हणजे पहिल्या, छोट्या फेरीत, सुरुवातीलाच पापाडाकिसच्या पोशाखाची मानेमागची पकड सुटली आणि उरलेला सगळा कार्यक्रम तिने तो सांभाळत पूर्ण केला. त्या फेरीत कॅनडाला 83.67 आणि फ्रान्सला 81.93 गुण मिळाले. फ्री डान्समध्ये फ्रान्स 123.35 गुणांसह पुढे राहिला, कॅनडाला 122.40 मिळाले, आणि एकूण 206.07 विरुद्ध 205.28 असा निकाल लागला. सुवर्ण योग्य हाती गेले असे मी मानते, कारण रोलिंग स्टोन्स, ईगल्स आणि सँताना यांच्या संगीतावरील व्हर्च्यू-मोयर यांचा शॉर्ट डान्स लय, नखरा आणि धार या तिन्ही बाबतींत त्या दिवशी अतुलनीय होता. मात्र केवळ फ्री डान्सचा प्रश्न असेल, तर ‘मूनलाइट’ हीच अधिक परिपूर्ण रचना होती, आणि परीक्षकांनीही तेच सांगितले.

फ्रेंच जोडीवर एकसुरीपणाचा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि 2018पर्यंत त्यात तथ्य होते. 2022च्या बीजिंग ऑलिंपिकमधील रिदम डान्सने (शॉर्ट डान्सचे पुढचे नाव) तो खोडून काढला. वॅकिंग या हातांच्या झपाट्यावर आणि ठसक्यावर उभ्या असलेल्या नृत्यशैलीत त्यांनी 90.83 गुण मिळवले, मग संगीतकार फोरेच्या ‘एलेजी’वरील फ्री डान्ससह 226.98 गुणांचा तेव्हाचा विक्रम करून सुवर्ण जिंकले. इथे एक सावधगिरी हवी. हे 226.98 व्हर्च्यू-मोयर यांच्या 206.07शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये, कारण 2018-19च्या हंगामापासून घटकांच्या दर्जाची मोजपट्टी उणे तीन ते अधिक तीनऐवजी उणे पाच ते अधिक पाच अशी झाली आणि विक्रमांची मोजणीही नव्याने सुरू झाली.

ज्यांना शास्त्रीय संगीत ऐकण्याची किंवा समकालीन नृत्य पाहण्याची सवय आहे, त्यांनी माझा क्रम खुशाल उलटा करावा. मोझार्टचा कार्यक्रम त्यांना पहिल्याच खेपेस धरून ठेवील. ज्यांना नाट्य, गाणी आणि दोन माणसांमधील ताण आवडतो, त्यांनी ‘मूलाँ रूज’पासून सुरुवात करावी आणि मालर त्यानंतर पाहावा. डेव्हिस-व्हाइट यांचा सोचीतील ‘शेहेरझाद’ वेग आणि ताकदीसाठी पाहण्याजोगा आहे, पण तो या दोघांच्या आधी नको. आणि एका संध्याकाळी दोनच कार्यक्रम पाहायला वेळ असेल, तर 2010चा मालर आणि 2018चा ‘मूनलाइट’ लागोपाठ पाहावेत, दुसऱ्यांदा पाहताना आवाज बंद ठेवून, नजर केवळ चार पायांवर ठेवावी.